वनौषधी सोसते कोणाला?

वैद्य : मला या प्रश्नाची मांडणीच एकांगी वाटते. वनौषधींची ॲलर्जी होते का? होते. शेंगदाण्याची होते, कोळंबीची होते, गव्हाची होते, मग सुंठीची किंवा मेथीची का होऊ नये? पण शेंगदाणा एकाला बाधला म्हणून शेंगदाणा वाईट असं कोणी म्हणत नाही. बाधला तो त्या माणसाला, असंच म्हणतात. काढा पिऊन कोणाच्या अंगावर गांधी उठल्या की मात्र काढाही आरोपी, वैद्यही आरोपी आणि शास्त्रही आरोपी. आमच्या शास्त्राला हे ठाऊक नव्हतं असंही नाही. एकच द्रव्य एकाला मानवतं आणि दुसऱ्याला मानवत नाही, हा सात्म्याचा विचार आयुर्वेदाच्या पायाशी आहे. माधवनिदानात शीतपित्त, उदर्द आणि कोठ यांचं वर्णन आहे. गांधीलमाशी चावल्यासारखे उठणारे, खाजणारे चट्टे त्यात ओळखू येतात. वैद्य नाडी पाहतो, प्रकृती विचारतो, मात्रा ठरवतो, तो हा माणूस वेगळा आहे हे गृहीत धरूनच. तेव्हा 'वनौषधी सुरक्षित की असुरक्षित' असं विचारू नका. 'कोणाला' हा शब्द घालून विचारा.

डॉक्टर : 'कोणाला' हा शब्द मीही घालते. ॲलर्जी ना झाडात असते, ना माणसात. ती दोघांच्या गाठीभेटीत तयार होते. पण हे मान्य केलं की वनौषधींच्या बाजूने नेहमी पुढे केला जाणारा दिलासा आपोआप गळून पडतो. 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' या वाक्यात सुरक्षितता झाडाच्या अंगी लावलेली असते. दुसरा दिलासा त्याहून खोलवर रुजलेला आहे. 'आम्ही वर्षानुवर्षं घेतोय, कधी काही झालं नाही.' ॲलर्जीच्या बाबतीत हा पुरावा उलट दिशेचा आहे. पहिल्या भेटीत शरीर बहुधा गप्प राहतं. त्या काळात ते त्या द्रव्यातलं एखादं प्रथिन ओळखून ठेवतं आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं बनवतं. ती मास्ट पेशींवर जाऊन बसतात. पुढे कधीतरी तेच प्रथिन आलं की त्या पेशींतून हिस्टामिन आणि इतर रसायनं बाहेर पडतात. मग ओठ सुजतात, अंग खाजतं, उलटी होते, श्वास अडकतो, रक्तदाब कोसळतो. हे काही मिनिटांत घडतं, क्वचित तास-दोन तासांत. ॲलर्जी व्हायला ओळख लागते आणि ओळख वापरातूनच होते. म्हणून जुन्या वापराचा दाखला मला निर्धास्त करत नाही.

वैद्य : तुमचं शरीरशास्त्र बरोबर, पण अर्धं सांगितलंत. वापराने शत्रुत्वच येतं असं नाही. बहुतेक वेळा वापराने सहनशीलता येते, आणि ती सर्वांत सहज येते तोंडावाटे. आतडं रोज शेकडो परकी प्रथिनं पाहतं आणि त्यांच्याशी जुळवून घेतं. असं नसतं तर माणूस जेवूच शकला नसता. शेंगदाण्याचंच पाहा. ज्यांना ॲलर्जीचा धोका जास्त होता अशा चार ते अकरा महिन्यांच्या 640 बाळांवर इंग्लंडमध्ये प्रयोग झाला आणि 2015 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्यांना लवकर शेंगदाणा चारला त्यांच्यात पाचव्या वर्षी ॲलर्जीचं प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या आसपास कमी निघालं. त्याआधी अनेक वर्षं डॉक्टर मंडळी 'लहानपणी शेंगदाणा देऊ नका' म्हणून सांगत होती. दुसरं उदाहरण आपल्या मातीतलं. गाजरगवताने चेहरा, मान, हात काळवंडून सोलपटणारे शेतकरी तुम्ही पाहिलेत. चंडीगडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी अशा रुग्णांना त्याच गवताचा अर्क अगदी थोड्या मात्रेपासून चढवत पोटातून दिला. बहुतेकांना उतार पडला. आमच्याकडे चाटण आहे, काढा आहे, अनुपान आहे, सगळं पोटात घ्यायचं. औषध तोंडातून देण्याची परंपरा हीच एक प्रकारची खबरदारी आहे, असं मी म्हटलं तर?

डॉक्टर : तर मी म्हणेन, गाजरगवताच्या त्याच प्रयोगात काहींचा त्रास वाढला, आणि तेही ध्यानात ठेवा. पण तुमचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण खरी मेख तिथेच आहे. तोंडाचा दरवाजा बहुधा सलोख्याचा असतो. भांडण सुरू होतं ते नाकात किंवा त्वचेवर. मग त्याच द्रव्याने तोंडावाटे प्रवेश केला की आधी पेटलेलं भांडण आत भडकतं. इसबगोल घ्या. इतकं साधं, इतकं उपयोगी औषध दुसरं नसेल. पण डबा उघडताना पाहा. चमचा आत घातला की पांढरट भुकटी हवेत उठते, पेल्यात ओतताना पुन्हा उठते, हाताच्या लवेवर बसते, उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसते. घरातला एखादा पेला म्हणजे काहीच नाही. पण वॉर्डात रोज कित्येक रुग्णांसाठी ते ढवळून देणारी परिचारिका किंवा कारखान्यात ते दळणारा कामगार ही धूळ महिनोन्महिने श्वासात घेतो. त्यांच्यातल्या काहींना आधी शिंका, मग दमा सुरू झाल्याचं नोंदलेलं आहे. 1990 च्या सुमारास अमेरिकेत इसबगोल घातलेलं न्याहारीचं सिरियल बाजारात आलं, तेव्हा ते खाऊन काही जणींना थेट ॲनाफायलॅक्सिस, म्हणजे साऱ्या अंगाला घेरणारी जीवघेणी ॲलर्जी, झाला. त्या परिचारिका होत्या. औषध म्हणून इसबगोल त्यांनी दुसऱ्यांना कालवून दिलं होतं. मेथीचंही तसंच. 1997 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी दोन रुग्ण नोंदवले. एकाला मेथीची पूड नाकात जाऊन त्रास झाला, दुसऱ्याला कोंड्यासाठी डोक्याला लावलेल्या मेथीच्या लेपाने चेहरा सुजून धाप लागली. अशा माणसाला उद्या मधुमेहासाठी कोणी मेथीचं चूर्ण दिलं तर? 'याआधी मेथी खाल्ली होती का' एवढंच विचारून भागत नाही. लावली होती का, कुटली होती का, हुंगली होती का, हे विचारावं लागतं.

वैद्य : हा प्रश्न मी उद्यापासून माझ्या केसपेपरवर छापून घेईन. पण यावरून निष्कर्ष काय निघतो ते नीट बघा. दोष पोटात घेतलेल्या औषधाचा ठरत नाही. दोष धुळीचा, कारखानदारीचा, सौंदर्यप्रसाधनांत काहीही मिसळण्याचा ठरतो. शिवाय हातांना काय लागतं, नाकात काय जातं, याची जाण आमच्या कर्मशाळेत जुनी आहे. बिब्ब्याचं शोधन तुम्ही पाहिलंय का? ज्याला ते करायचं तो आधी कोपरापर्यंत खोबरेल चोपडतो. बिब्ब्याची टोपी कापून काढतात. मग विटेच्या भुकटीबरोबर गोणपाटात घालून चोळतात, म्हणजे आतलं काळं तेल ती भुकटी शोषून घेते. नंतर गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुतात. बिब्बा उतू नये म्हणून इतकं सगळं. चरकाने रसायन म्हणून त्याची थोरवी सांगितली, पण त्याआधी तो आगीसारखा आहे हेही बजावलं आणि पथ्याची यादी दिली. आपल्या सरकारी नियमांतही विषारी द्रव्यांच्या ई-1 या परिशिष्टात भल्लातक, म्हणजे बिब्बा, आहे. म्हणजे ग्रंथ आणि कायदा दोघेही जागे आहेत.

डॉक्टर : बिब्बा हे परंपरेच्या नजरेचं उत्तम उदाहरण आहे, आणि तिच्या मर्यादेचंही. बिब्ब्याचं तेल लागलं की पुष्कळांना फोड येतात. काजूच्या टरफलाचं तेल, आंब्याचा चीक, परदेशातली पॉयझन आयव्ही, सगळी त्याच कुळातली आणि त्याच जातीच्या रसायनांची. तिथे अपाय अनेकांना होतो, डोळ्यांना दिसतो आणि कारण समोर असतं. असा अपाय परंपरा हमखास पकडते. दहा हजारांत एकाला, तोही चौथ्या-पाचव्या वेळी, तोही ताप असताना आणि सोबत इतर दोन गोळ्या घेतलेल्या असताना जो होतो, तो कोणत्याही एका वैद्याच्या आयुष्यभराच्या अनुभवात दिसणार नाही. माझ्याही दिसणार नाही. तो पकडायचा एकच मार्ग, हजारो दवाखान्यांतल्या नोंदी एका जागी जमवणं. कालमेघचं पाहा, आपल्याकडे ज्याला ओलं किराईत म्हणतात ते. भारतात ते पिढ्यान्पिढ्या तापावर घेतलं जातं. पण त्याच्या ॲलर्जीचं सर्वांत स्पष्ट चित्र आलं थायलंडमधून. तिथे ते सार्वजनिक आरोग्यसेवेत सर्दी-घशासाठी दिलं जातं आणि दुष्परिणाम एका केंद्राकडे कळवले जातात. 2001 ते 2012 या काळात 248 अहवाल आले. त्यांतल्या 106 जणांत अतिसंवेदनशीलतेची लक्षणं होती. 13 जणांना ॲनाफायलॅक्टिक शॉक आणि आणखी 5 जणांना ॲनाफायलॅक्सिसची प्रतिक्रिया झाल्याचं त्यात नोंदलेलं आहे. पुढे ऑस्ट्रेलियाने कालमेघच्या उत्पादनांवर ॲलर्जीचा इशारा छापणं बंधनकारक केलं. आपल्या ग्रंथांत या वनस्पतीचे गुण आहेत, पण ही सूचना नाही. ग्रंथकारांची यात काही चूक नाही. त्यांच्याकडे मोजायची यंत्रणा नव्हती.

वैद्य : पण तुम्ही ज्यांना आकडे म्हणता त्यांना छेद कुठे आहे? 248 जणांनी तक्रार केली, पण बारा वर्षांत घेतलं किती लाखांनी? तो आकडा नसेल तर धोका मोठा की लहान, हे तुम्ही सांगू शकत नाही. दुसरं, ही माणसं तापाची, घसा धरलेली. विषाणूच्या तापात अंगावर गांधी उठतात हे तुमचंच पाठ्यपुस्तक सांगतं. त्यांनी पॅरासिटॅमॉल, आयब्युप्रोफेन, प्रतिजैविक काय काय घेतलं असेल! तिसरं, कळवणारा डॉक्टर आधीच साशंक असेल तर वनौषधी घेतली म्हटल्याबरोबर तिच्यावर बोट ठेवेल. आणि चौथं म्हणजे थायलंडने ते औषध बंद केलं नाही. कोविडच्या साथीत तर ते तिथे सौम्य रुग्णांना देऊ लागले. म्हणजे ज्यांच्याकडे अहवाल आहेत, त्यांनीच ते ठेवण्याजोगं मानलं.

डॉक्टर : चारही आक्षेप मला मान्य आहेत, आणि चौथा तर माझ्याच बाजूचा आहे. नोंद ठेवणं म्हणजे बंदी घालणं नव्हे, हे थायलंडने दाखवून दिलं. अशा अहवालांतून प्रमाण कळत नाही, संकेत कळतो. हजारो औषधांच्या नोंदींत एखाद्या वनस्पतीच्या नावापुढे शॉक आणि गांधी अपेक्षेपेक्षा जास्त वेळा उमटू लागले, तर तिथे नजर रोखायची. निवाडा द्यायचा नाही. ब्रिटननेही तेच केलं. सर्दीसाठी घेतल्या जाणाऱ्या एकिनेशिया या वनस्पतीबद्दल 2012 मध्ये तिथल्या औषध नियामकाने सांगितलं की बारा वर्षांखालील मुलांना ती पोटातून देऊ नका. ॲलर्जीचा धोका कमी आहे, पण मुलांना होणारा फायदा त्या धोक्याच्या तोलाचा नाही. हा शहाणपणाचा हिशेब आहे. एकिनेशिया सूर्यफुलाच्या कुळातली, कॅमोमाइल त्याच कुळातली आणि आपलं गाजरगवतही. 1950 च्या दशकात पुण्याच्या परिसरात नजरेत भरलेलं ते गवत आज देशभर आहे आणि त्याने त्वचा बिघडलेले लोकही. कोष्ठ, अक्कलकारा, गोरखमुंडी, माका ही तुमची द्रव्यं याच कुळातली. गाजरगवताने सोललेल्या त्वचेच्या माणसाने यांतलं काही पोटात घेतलं तर काय होतं? कोणाचं काही बिघडणार नाही, कोणाचं भडकेल. किती जणांचं, हे सांगणारी नोंद आपल्याकडे नाही. आजार आपल्याकडे, वनस्पती आपल्याकडे, वैद्य आपल्याकडे, आणि उत्तर कोणाकडेच नाही, याचं मला वाईट वाटतं.

वैद्य : वाईट मलाही वाटतं, पण नोंदी नसण्याचं खापर एकट्या वैद्यांवर फुटू नये. अंगावर चट्टे उठलेला रुग्ण आधी आमसुलाचं पाणी चोळतो आणि 'पित्त उठलं' म्हणतो. औषधाकडे त्याचं लक्षच जात नाही. गेलं तर 'उष्ण पडलं' म्हणतो आणि दोन दिवस थांबून पुन्हा सुरू करतो. फारच झालं तर तुमच्याकडे येतो. तुम्ही त्याला सेट्रिझिन देता आणि विचारता, 'कोणत्या गोळ्या चालू आहेत?' तो काढा सांगत नाही, कारण त्याच्या लेखी काढा म्हणजे गोळी नव्हे. सांगितलाच तर तुम्ही रागावता आणि 'ते सगळं बंद करा' म्हणता. कशात काय होतं हे कोणी लिहून घेत नाही. रुग्ण पुढच्या वेळी खोटं बोलायला शिकतो. ओरडा खाल्लेला रुग्ण कधीच खरी नोंद देत नाही. शिवाय सगळे अपाय एकाच पोत्यात भरू नका. 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं लिहिलं, तेव्हापासून लोक 'गुळवेलीची ॲलर्जी' असं बोलतात. ती ॲलर्जी नव्हे. त्याचा मार्ग वेगळा, काळ वेगळा, उपचार वेगळा.

डॉक्टर : बरोबर आहे, तो स्वयंप्रतिकाराचा प्रश्न आहे, त्याला ॲलर्जी म्हणू नये. आणि न विचारण्याची, रागावण्याची चूक आमच्या व्यवसायाची आहे, ती मी नाकारत नाही. पण गुळवेलीच्या वादातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. आयुष मंत्रालयाने तेव्हा हरकत घेतली की रुग्णांनी घेतलेली वनस्पती नक्की गुळवेलच होती का, तिच्यासारखी दिसणारी दुसरी होती का, हे तपासलेलं नाही. हरकत वाजवी होती. पण तिचा अर्थ किती गंभीर आहे बघा. माणूस आजारी पडल्यावर त्याने नेमकं काय खाल्लं हे कोणालाच सांगता येत नाही. ॲलर्जीत तर हे घातक आहे, कारण टाळायचं काय हेच कळलं नाही तर दुसरी वेळ येणारच. काष्ठौषधींच्या बाजारात काडेचिराईत मागितलं की कालमेघ मिळतं, ही तुमच्या व्यवसायातली जुनी ओळखीची तक्रार आहे. महासुदर्शन चूर्णात पन्नासाहून अधिक द्रव्यं आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा चिराईताचा. एखाद्याला कालमेघची ॲलर्जी असेल आणि त्याने लेबल वाचून, 'यात कालमेघ नाही' अशी खात्री करून ते घेतलं, तर? आणि भेसळ त्याहून वाईट. सांधेदुखीच्या काही 'आयुर्वेदिक' पुड्यांत डायक्लोफेनॅक सापडलंय, स्टेरॉइड सापडलंय. ज्या दमेकऱ्याला ॲस्पिरिन आणि त्या जातीच्या गोळ्या सोसत नाहीत, त्याला असल्या पुडीने जीवघेणी धाप लागू शकते, आणि दोष जातो झाडपाल्यावर. पुडीत स्टेरॉइड असेल तर उलटं होतं. ॲलर्जी झाकली जाते आणि औषध 'मानवलं' असं वाटतं.

वैद्य : भेसळ करणाऱ्याला मी वैद्य म्हणत नाही. पण तुम्ही जे सांगताय त्यातून माझंच म्हणणं बळकट होतं. औषध वैद्याच्या हातून सुटून बाजारात गेलं, तिथे घोळ झाला. माझ्याकडे येणाऱ्याची प्रकृती मी पाहतो. आधी एकेरी द्रव्य देतो, मात्रा थोडी ठेवतो, तीन दिवसांनी बोलावतो. दुकानाच्या फळीवरून किंवा फोनवर मागवून घेणाऱ्याला हे कोण करणार? 2020 मध्ये साथ आली तेव्हा तुळस, दालचिनी, सुंठ, मिरीचा काढा घ्यायला सरकारने सुचवलं. सूचना साधी होती, पण घरोघरी लोकांनी त्यात जे हाती लागेल ते टाकलं आणि दिवसातून चार वेळा प्यायलं. सात्म्याचा विचार सांगणारं शास्त्र एकीकडे राहिलं आणि सगळ्यांना एकच मात्रा झाली. हे आयुर्वेदाचं अपयश नाही. आयुर्वेदातून वैद्य काढून टाकल्याचा तो परिणाम आहे.

डॉक्टर : पण कायदा वैद्याला गृहीत धरतच नाही, आणि व्यवसायही धरत नाही. 2010 मध्ये आलेल्या 158-बी या नियमानुसार, मान्य ग्रंथांत जसं सांगितलंय तसं आणि त्याच रोगासाठी बनवलेल्या औषधाला स्वतंत्र सुरक्षितता-अभ्यास मागितला जात नाही. ग्रंथ हाच पुरावा. पण त्या ग्रंथातलं औषध प्रकृती पाहून, पथ्य सांगून, वैद्याने द्यायचं होतं. पुरावा ग्रंथाचा घेतला आणि ग्रंथाची अट सोडून दिली. बहुसंख्य काष्ठौषधी चिठ्ठीशिवाय मिळतात. मग सुरक्षिततेची ती अर्धी बाजू कोणी भरून काढायची? लेबलाने? नोंदीने? ॲलोपॅथीच्या औषधांच्या दुष्परिणामांची देशव्यापी नोंद 2010 पासून सुरू झाली. आयुषच्या औषधांसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेकडे केंद्र देऊन वेगळी व्यवस्था उभी राहिली, ती बरीच नंतर. दोन व्यवस्था, दोन अर्ज. सकाळी रक्तदाबाची गोळी आणि रात्री चूर्ण घेणारा माणूस मात्र एकच असतो. तुम्ही स्वतः असे किती अहवाल पाठवलेत?

वैद्य : एकही नाही, आणि माझ्या ओळखीच्या बहुतेकांनी नाही. कारण सांगतो, सबब म्हणून नव्हे. अहवाल पाठवला की 'आयुर्वेदिक औषधाने अपाय' असा मथळा होतो. तुमच्या पेनिसिलिनने कोणी दगावलं तर ॲलोपॅथी खोटी ठरत नाही, ती आणखी सावध झाली असं मानतात. आमचं एक प्रकरण पुढे आलं की सगळं शास्त्र थोतांड ठरतं. कबुली देणाऱ्याला शिक्षा आणि गप्प राहणाऱ्याला प्रतिष्ठा, अशी व्यवस्था असेल तर नोंदी कशा येतील? ही भीती गैर आहे असं मला वाटत नाही. पण तिची किंमत माझा रुग्ण मोजतो, हे मला आज जास्त टोचतंय. लेबलाचं म्हणाल तर तिथेही मी अडतो. इसबगोलच्या प्रत्येक डब्यावर 'जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते' असं छापलं तर कोठा जड असलेला म्हातारा घाबरून ते सोडेल आणि सोनामुखीकडे नाहीतर जमालगोट्याकडे वळेल. एकाला वाचवताना हजारांना जास्त तीव्र रेचकाकडे ढकलणं हा कोणता न्याय?

डॉक्टर : इसबगोलपुरतं मला उत्तर दिसतं. तिथे धोका खाणाऱ्याला फारसा नाही, धूळ श्वासात घेणाऱ्याला आहे. शिवाय ॲलर्जी करणारी प्रथिनं मुख्यतः बीच्या गराची. भुशी जितकी स्वच्छ तितका धोका कमी. म्हणजे इशारा नेमका लिहिता येतो. 'ज्यांच्या कामात या भुकटीशी रोज संबंध येतो किंवा ती हाताळताना शिंका-धाप येते, त्यांनी पोटात घेण्याआधी विचारावं.' आणि उत्पादकाला भुशीच्या शुद्धतेची अट घालता येते. याने म्हातारा घाबरणार नाही. दुसरी गोष्ट लेबलाची नाही, दवाखान्याची आहे. औषध घेतल्यावर अंगावर गांधी आणि त्याबरोबर धाप, घसा आवळणं, घेरी, पुन्हा पुन्हा उलटी यांतलं काही आलं, तर शीतपित्ताचा काढा नाही आणि सेट्रिझिनही नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत ॲड्रेनॅलिन, प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम, आणि रुग्णाला आडवं ठेवून तातडीने रुग्णालय. बसवायचं, चालवायचं नाही. धाप फार असेल तर फक्त टेकून बसू द्यायचं. बरं वाटल्यावरही काही तास नजरेखाली, कारण लक्षणं उलटून येऊ शकतात. हे एमबीबीएसला आलं पाहिजे आणि बीएएमएसलाही.

वैद्य : त्यात वाद नाही. श्वास कोंडताना शास्त्र कोणाचं हे विचारायचं नसतं. पण इसबगोल हे एक द्रव्य आहे, म्हणून तुमचं उत्तर सोपं झालं. आता अवघड घ्या. एका बाईने तापात महासुदर्शन घेतलं आणि तासाभरात अंगभर गांधी उठल्या. धाप नाही, घेरी नाही, संध्याकाळपर्यंत सगळं ओसरलं. आत पन्नासावर द्रव्यं. त्यांतली सुंठ, मिरी, हळद तिच्या रोजच्या भाजीत आहेत. तिने काय टाळायचं? 'सगळं टाळ' म्हणालात तर तिचं स्वयंपाकघर बंद होईल. 'हे चूर्ण तेवढं टाळ' म्हणालात तर तेच द्रव्य उद्या खोकल्याच्या अवलेहातून, परवा दंतमंजनातून तिच्या तोंडात जाईल. माझा मार्ग असा की महिन्याभराने, अंग शांत असताना, एकेक संशयित द्रव्य चिमूटभर देऊन पाहायचं.

डॉक्टर : तुमचा मार्ग तर्काला धरून आहे. आम्हीही अन्नाच्या ॲलर्जीत तेच करतो, मोजून-मापून, शिरेत सलाइनची सोय ठेवून, रुग्णालयात. पण पहिली प्रतिक्रिया सौम्य होती म्हणून दुसरी सौम्यच असेल, असा भरवसा देता येत नाही. त्यामुळे तुमच्या दवाखान्यातली चिमूट मला मान्य नाही. आधी त्वचेवर चाचणी करू म्हटलं, तर धुळीच्या किड्यांचे, परागांचे प्रमाणित अर्क मिळतात. चिराईताचा, कालमेघचा, कुटकीचा असा प्रमाणित अर्क मला कोणी विकत नाही. ताजी पूड पाण्यात कालवून टोचता येते, पण नकारार्थी उत्तरावर मी विसंबणार नाही. मी त्या बाईला सांगेन, हे चूर्ण पुन्हा नाही, पाकिटाचा फोटो आणि उरलेली पूड जपून ठेवा, आणि रोजचे मसाले चालू ठेवा, कारण ते त्यानंतरही खाऊन काही झालेलं नाही.

वैद्य : म्हणजे मसाल्यांच्या बाबतीत तुम्ही 'खातेय, काही होत नाही' हाच पुरावा धरलात, जो सुरुवातीला तुम्हाला चालत नव्हता.

डॉक्टर : प्रतिक्रिया येऊन गेल्यानंतरही ती ते खातेय आणि सोसतेय, हा पुरावा वेगळा आहे. आधीच्या वर्षांचा दाखला तेवढा वजनदार नाही. पण हाही पुरावा पूर्ण नाही, हे खरं. भाजीतली सुंठ चिमूटभर असते, औषधातली चमचाभर, आणि ताप असताना तेच शरीर वेगळं वागतं. तेव्हा पुढच्या तापात तिने काय घ्यावं हे मी तिला सांगू शकते, पण काय घेतल्याने तिला झालं हे सांगू शकत नाही. ते सांगायचं तर तिची पूड ओळखणारी प्रयोगशाळा हवी, प्रमाणित अर्क हवेत आणि तिच्यासारख्या शंभर जणींच्या नोंदी एकत्र हव्यात. पेटंट नसलेल्या झाडांच्या अर्कांवर कोण खर्च करणार?

वैद्य : ज्यांनी त्याच झाडांवर धंदा उभा केला त्यांनी, असं मी म्हणेन. तुम्ही म्हणाल सरकारने. तोवर त्या बाईला तुम्ही एक सांगणार आणि मी दुसरं. चिमूट द्यायची की नाही यावर तुमचं-माझं एकमत होणार नाही, कारण तुमच्या लेखी अनिश्चिततेत थांबणं हे सुरक्षित, आणि माझ्या लेखी कारण न कळता जन्मभर भीत राहणं हाही अपाय. पण तिची नोंद मात्र आता होईल. अर्ज मी भरेन. त्यात बॅच क्रमांक असेल, तिने याआधी काय लावलं, कुटलं, हुंगलं ते असेल, आणि खाली तुमचीही सही असेल. त्या अर्जात 'संशयित द्रव्य' असा एक रकाना आहे. तिथे आपण दोघांनी काय लिहायचं ते अजून ठरायचंय.